जोडकाचेवरचा डाग

आमच्या कचेरीच्या घुमटापुढे लोक नारळ फोडून जायचे. पाटोद्याच्या बाहेर उघड्या माळावर चुन्यानं रंगवलेला पांढरा घुमट दिसला की नव्या माणसाला तो दर्गा वाटायचा. घुमट मधोमध फाकतो आणि आतून पितळी नळा बाहेर येतो हे कळल्यावर मात्र तोच माणूस नारळ उचलून घाईनं चालू लागायचा. आजूबाजूच्या गावांत आम्हाला 'चांदण्यांची कचेरी' म्हणत. मी त्या कचेरीत मुन्शी होतो. पुढे शाळेत मास्तरकी केली, पण माझं खरं काम तेच. ते मला चांगलं येत होतं, आणि त्याच कामात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट केली.

काळ निजामाच्या राज्यातला, पहिल्या जागतिक लढाईच्या थोडा आधीचा. आमचे जहागीरदार आबासाहेब मुंबईला शिकायला गेले होते आणि तिथं कुणाच्या तरी दुर्बिणीतून त्यांनी शनीची कडी पाहिली होती. परत आले ते ताऱ्यांचं वेड घेऊनच. त्यांच्या भावांनी घोडे पाळले, यांनी विलायतेहून दुर्बीण मागवली. तिला आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा जोडलेला होता. आकाशाचा एक पट्टा ठरवून घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक ताऱ्याची जागा मोजायची आणि विलायतेतल्या जाणकार मंडळींकडे पाठवायची, असा त्यांचा संकल्प होता. मी आधी जमीनमोजणीत साखळी ओढत होतो. "जमीन मोजतोस, मग आकाश मोजायला काय हरकत आहे?" असं म्हणून त्यांनी मला उचललं.

हे काम कसं चालायचं ते थोडं सांगतो. फोटो कागदावर नाही, काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला औषधाचा नाजूक थर असतो. दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग तास दीड तास फिरवत ठेवायची, मग ती काच अंधाऱ्या खोलीत नेऊन औषधात बुडवायची आणि पुष्कळ वेळ पाण्यात धुवायची. धुतलेली काच उजेडाला धरली की उलटं आकाश दिसतं. आकाश पांढरं आणि तारे काळे, जणू कुणी काचेवर मोहरी उधळली आहे. मग माझं काम. भिंगाच्या यंत्राखाली काच ठेवायची आणि एकेका काळ्या ठिपक्याची जागा आडवी-उभी मोजून वहीत लिहायची. एका काचेवर दोन-दोन हजार ठिपके. डोळ्यांतून पाणी यायचं, मान आखडायची. पण मला त्यात गोडी होती. ताऱ्याची जागा केसाइतकी चुकली तरी माझ्या लक्षात यायची.

आकाशाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन काचा घेत, वेगवेगळ्या दिवशी. दुसरीला आम्ही जोडकाच म्हणायचो. कारण सोपं आहे. काचेवर धूळ बसते, पाण्याचा डाग पडतो, आणि तो ताऱ्यासारखा दिसून फसवतो. पण धूळ दोन काचांवर एकाच जागी बसत नाही. जे दोन्ही काचांवर आहे ते आकाशातलं, जे एकीवरच आहे ते आपल्या हातचं. आमच्या कचेरीचा सगळा प्रामाणिकपणा या एका नियमावर उभा होता.

काचा धुणारा दस्तगीर बीडचा रंगरेज होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापड रंगवायचं काम. आबासाहेबांनी त्याला बाजारात पाहिलं. हाच माणूस का, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "रंग कधी थांबवायचा हे याच्या बोटांना कळतं." ते खरं होतं. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नसे. दस्तगीर औषधात काच हलवत मनात काहीतरी मोजायचा आणि नेमक्या वेळी बाहेर काढायचा. विहिरीचं पाणी जड आहे, काचेवर पांढरी खपली धरतं, म्हणून तो गाढवावर घागरी लादून विंचरणा नदीचं पाणी आणायचा आणि तेही तिहेरी फडक्यातून गाळून घ्यायचा. बोलायला मिस्किल. एकदा थेट दिंद्रुडचे एक पाटील बैल चोरीला गेला म्हणून दोन दिवसांची वाट तुडवत आमच्याकडे आले.

"एवढी थोरली दुर्बीण हाय," पाटील म्हणाले, "मंग माजा बैल कावून दिसंना?"

"पाटील, ही वर बगती," दस्तगीर म्हणाला. "तुमचा बैल वर गेला आसंल तर सांगा, आत्ता हुडकतो."

पाटील आधी चिडले, मग इतके हसले की त्या दिवशी जेवूनच गेले.

दस्तगीर मला 'मुन्शी' म्हणायचा, मी त्याला 'दस्तगीरभाई'. पाच वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काम केलं. धुतलेली काच माझ्या हातात देताना तो ती कडेनंच धरायचा आणि म्हणायचा, "घे, दाग न्हाई." मी पाहायचो. डाग नसायचा.

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. विंचरणा आटली. दस्तगीरला वाळूत झरा काढून वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. तीन काचा खपली धरून वाया गेल्या. आबासाहेब रागीट माणूस. प्रत्येक काच विलायतेहून यायची, फुटली किंवा बिघडली तर दुसरी यायला महिने लागत. ते दस्तगीरला सगळ्यांदेखत बोलले. तो खाली मान घालून उभा राहिला.

त्याच वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, कडा गावी. मी चार दिवसांची रजा मागितली. आबासाहेब म्हणाले, "धनू राशीची जोडी पूर्ण कर आणि जा." पहिली काच मी मोजून ठेवली होती. ती मोजताना कोपऱ्याशी करंगळीच्या नखाएवढा एक धुरकट डाग दिसला होता, राखेचं बोट पुसल्यासारखा. वरच्या टोकाला जरा दाट, तिथं बारीक गाठी असल्यासारख्या. पाण्याचा असेल, जोडकाचेवर पाहू, असं म्हणून मी पुढे गेलो होतो.

पण जोडकाच मोजायला आठ दिवस लागले असते. लग्न पाचव्या दिवशी होतं.

मी जोडकाच मोजली नाही. पहिल्या काचेचे आकडे समोर ठेवले आणि शेवटचा आकडा कुठे एकानं वाढव, कुठे दोनानं कमी कर, असं करत दोन दिवसांत सगळी वही भरली. दोन काचांत तेवढा फरक पडतोच, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. काच तशीच तिच्या खोक्यात राहिली. मी ती उजेडालासुद्धा धरली नाही. कड्याला जाऊन बहिणीच्या लग्नात वाढपी म्हणून मिरवलो. परत आलो तेव्हा आबासाहेबांनी इतक्या लवकर भरलेली वही पाहून पाठ थोपटली.

विलायतेला जायच्या काचांची पेटी भरायची वेळ आली. आबासाहेब एकेक काच खिडकीशी धरून पाहत होते. धनूच्या पहिल्या काचेपाशी त्यांचा हात थांबला.

"हा डाग कसला?"

दस्तगीरला बोलावलं. तो ओले हात पुसत आला.

"हे तुझं काम?"

दस्तगीरनं काच कडेनं धरून बराच वेळ पाहिली. "मालक, पान्याचा दाग असा न्हाई पडत. पान्याच्या दागाला काठ असतो. याला काठच न्हाई. हा दाग माजा न्हाई."

"मग काय आकाशाचा आहे?"

"ते मला काय कळतंय? जोडकाच बगा."

आबासाहेब माझ्याकडे वळले. "मुन्शी, जोडकाचेवर आहे का?"

आजही तो क्षण मला जसाच्या तसा दिसतो. मी काय करायला हवं होतं? 'खोकं उघडून पाहतो' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण जोडकाचेवर डाग असता तर आबासाहेबांनी विचारलं असतं, की मग वहीत का लिहिला नाहीस. आणि वही नीट तपासायला बसले असते तर माझं सगळं उघडं पडलं असतं. मी वही उघडली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "नोंद नाही साहेब."

शब्दशः ते खोटं नव्हतं. नोंद नव्हतीच.

"खोकं उगडा मालक," दस्तगीर म्हणाला. "डोळ्यानं बगा."

"मुन्शीच्या वहीवर तुझा विश्वास नाही?"

दस्तगीर माझ्याकडे पाहू लागला. रागानं नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहत होता. मी वहीतच पाहत राहिलो.

मग तो सावकाश म्हणाला, "मुन्शीवर हाय की. त्येच्यावर कावून नसंल?"

आबासाहेबांनी ती काच दारातल्या दगडावर आपटली. "तीन काचा घालवल्यास, ही चौथी. उद्यापासून येऊ नकोस."

दस्तगीरनं काचेचे तुकडे गोळा केले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मग आपली फडकी घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पेटी बांधायचं काम माझ्याकडे होतं. भर दुपार, सगळे जेवून आडवे झाले होते. मी धनूची जोडकाच खोक्यातून काढली आणि खिडकीशी धरली.

डाग होता. त्याच जागी, तेवढाच, तसाच. वरच्या टोकाच्या गाठींसकट.

म्हणजे तो आकाशातला होता. काय होता ते मला माहीत नव्हतं, पण पाच वर्षांत आमच्या काचांवर जे कधी आलं नव्हतं असं काहीतरी होतं. आणि दस्तगीर खरं बोलत होता. तो अजून पाटोद्यातच होता, सामान बांधत असेल. मला आबासाहेबांच्या दारापर्यंत जायचं होतं, तीसेक पावलं.

मी गेलो नाही. मी कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि त्या डागावर घासला. थर मऊ पडून निघू लागला. डाग गेला, त्याच्याबरोबर शेजारचे सात-आठ तारेही गेले. तिथं नुसती स्वच्छ काच राहिली. ते तारे माझ्या वहीत मात्र होते, माझ्या पदरच्या आकड्यांनी. काच मी पेंढ्यात ठेवली आणि पेटीला खिळे ठोकले. ज्या माणसाला केसाइतकी चूक खपत नव्हती त्यानं हे केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती.

काही महिन्यांनी विलायतेहून पत्र आलं. काचा उत्तम आहेत, वह्या विशेष सुबक आहेत. फक्त धनूची काच एका कोपऱ्यात खरवडली गेली आहे, धुणाऱ्यानं काळजी घ्यावी.

आबासाहेब म्हणाले, "बघ, गेला तरी दस्तगीरच्या हातचं अजून निघतंच आहे."

मी "होय साहेब" म्हणालो.

पुढे लढाई सुरू झाली, विलायतेच्या काचा बंद झाल्या. आकाशाचा तो तुकडा आम्ही पुन्हा कधी घेतला नाही. दुर्बिणीवर गोधडी पडली. मी आबासाहेबांची कागदपत्रं सांभाळत राहिलो.

दहा-बारा वर्षं गेली. आबासाहेबांची उजवी बाजू अधू झाली होती, पण विलायतेची मासिकं येत. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. मांडीवर मासिक उघडं होतं.

"मुन्शी, हे बघ. आपल्या आकाशगंगेच्या बाहेर दुसऱ्या आकाशगंगा आहेत म्हणतात. हे त्यातलंच एक, आपल्या शेजारचं. त्यातला उजेड इथं पोचायला लाखो वर्षं लागतात, तरी शेजारचंच म्हणायचं! मोठ्या असतात त्या चक्रासारख्या घडीव असतात. याला आकारच नाही. कसंही विस्कटलेलं, पण आत सगळे तारे. आणि कुठं आहे माहीत आहे? धनू राशीत."

हल्लीची मुलं अशा समूहाला अनियमित दीर्घिका म्हणतात. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. मी चित्र पाहिलं. उभट, धुरकट, वरच्या टोकाला गाठी. माझ्या बोटांना ओल्या कापसाचा स्पर्श आठवला.

आबासाहेब वाचत होते, आणि वाचता वाचता थांबले. त्यांनी मला धनूची वही आणायला सांगितली. चित्राखाली दिलेली जागा डाव्या हातानं वहीशी ताडून पाहिली, एकदा, दोनदा.

"हे आपल्या काचेवर यायला हवं होतं," ते म्हणाले. आणि मग, "तो डाग."

मी वही उचलायला वाकलो.

"मुन्शी. जोडकाचेवर खरंच नव्हता?"

"साहेब," मी म्हणालो, "मी जोडकाच मोजलीच नव्हती. बहिणीचं लग्न होतं. पहिल्या काचेवरून आकडे बसवले."

त्यांनी वही मिटली. खरवडलेल्या कोपऱ्याचं ते पत्र त्यांना आठवलं असेल का? त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"मी खोकं उघडायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "तो सांगत होता, उघडा म्हणून." मग म्हणाले, "बीडला जा. हे मासिक घेऊन जा. मला चालवत नाही, आणि चालवत असतं तरी तोंड दाखवायची हिंमत नाही. त्याला म्हणावं, मी चुकलो."

दस्तगीर बिंदुसरेच्या काठी सापडला. गुडघाभर पाण्यात उभा राहून लाल कापड खळबळत होता. दाढी पांढरी झाली होती, कोपरापर्यंत हात लाल. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"मुन्शी? ये बे, बस. बामनासारका काठावर कावून उभा?"

त्यानं मला घरी नेलं. दार-अंगण ओल्या कापडांनी भरलेलं. मी मासिक उघडून त्याच्यापुढे धरलं आणि त्यातलं सगळं सांगितलं. आकाशगंगेबाहेर ताऱ्यांचं वेगळं गाव आहे, आपल्या शेजारचंच, आणि तो डाग म्हणजे ते गाव होतं. तुमचा दोष नव्हता. मालकांनी 'मी चुकलो' म्हणून सांगितलंय.

त्यानं लाल बोटं कापडाला पुसली, पण चित्राला हात लावला नाही. नुसतं वाकून पाहत राहिला.

"येवढे तारे हायेत यात?"

"खूप," मी म्हणालो.

"आनि मी मनलो व्हतो, याला काठ न्हाई." तो स्वतःशीच हसला. मग हसू गेलं. "मुन्शी, मी तिथनं आलो ना, तवापासनं बाजेवर उताना झोपलो न्हाई. आंगनात झोपतो, पन कुशीवर. वर बगितलं की वाटायचं, माज्या हातानं काचा नासल्या. बायको मनायची, तुमी तर मनत व्हते दाग माजा न्हाई. मी मनायचो, मुन्शीनं दोन काचा बगितल्या, मी येकच बगितली. मुन्शी खोटं कशाला लिवंल? मंग माजीच बोटं खोटी आसतील."

मला वाटत होतं तो मला शिव्या देईल. त्या मी घेतल्या असत्या. बारा वर्षं या माणसानं माझ्या वहीवर विश्वास ठेवून स्वतःच्या बोटांवरचा विश्वास काढून घेतला होता, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

"दस्तगीरभाई," मी म्हणालो, "मी दुसरी काच मोजली नव्हती. आकडे पदरचे लिहिले. लग्नाची घाई होती."

"मोजली न्हवती." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तू ती बगितलीच न्हाई?"

ओसरीवर रंगाचा वास होता. आत त्याची बायको भांडी हलवत होती. त्या दुपारी, तीस पावलांवरचं दार सोडून मी जे केलं होतं, ते सांगायची वेळ हीच होती. ते सांगायलाच मी पाटोद्याहून आलो होतो, असं निदान वाटेत तरी मला वाटलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बघितलीच नाही."

त्यानं मोठा श्वास सोडला. खांद्यावरचं ओझं उतरावं तसा.

"मंग माफ हाय बाबा. मानूस कामचोर आसतो. मीबी हाय. पोराटकीचं वय व्हतं तुजं, भैनीचं लगीन व्हतं. बगितली आसतीस, आनि बगून दडवली आसतीस, तर आज तुला हितनं उठू दिलं नसतं. पन तू तसला न्हाईस. मला म्हाईत हाय." आणि आत हाक मारली, "अगं, मुन्शी आलाय. च्या टाक."

पाच वर्षं त्याच्या शेजारी काम केलं, पण त्याच्या घरचं पाणीसुद्धा मी तोवर कधी घेतलं नव्हतं. त्या काळी घेत नसत. त्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून कपबशी माझ्यापुढे ठेवताना तो जरा थबकला. "चालंल का?" म्हणाला.

मी चहा घेतला. गोड होता, वेलदोडा घातलेला. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, लई वर्सांनी यांचं त्वांड असं मोकळं दिसलं. त्यानं मासिकातलं ते चित्र तिला दाखवलं, माझ्या नावानं दुवा दिली, आणि आग्रह केला म्हणून मी दुसरा कपही घेतला.